मुळशीच्या शेतकऱ्याने अर्ज कुठे करायचा होता?

१९२१ साली मुळशी पेट्यातल्या एखाद्या कुणब्याला 'माझी जमीन धरणाला घेऊ नका' एवढंच सरकारला लिहून द्यायचं असतं, तर त्या अर्जाला कायद्यात जागा नव्हती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने त्याला जमिनीच्या किमतीवर भांडू दिलं असतं. मोजणी चुकली म्हणून तक्रार करता आली असती, भरपाईचा वाटा कुणाला किती यावरून कोर्टात जाता आलं असतं. पण जमीन घ्यायची की नाही, या मुद्द्यावर मालकाचं म्हणणं ऐकून घ्यावं, असं एकही कलम त्या कायद्यात नव्हतं. हरकत घेण्याचा हक्क देणारं 'कलम ५ अ' १९२३ च्या दुरुस्तीने आलं. तोवर मावळ्यांचे जथ्थे तुरुंगात जाऊन आले होते.

मुळशी सत्याग्रहावर आज जे आक्षेप ऐकू येतात, त्यांच्या मुळाशी हा एक मुद्दा विसरलेला असतो. आक्षेप ओळखीचे आहेत. हा लढा म्हणजे प्रगतीच्या आड आलेला भावनेचा हट्ट होता. धरण बांधणारी कंपनी हिंदी माणसांची, म्हणजे यात साम्राज्याचा संबंध नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना कायद्याप्रमाणे पैसे मिळाले. आणि खरं तर हे सगळं पुण्याच्या सावकारांनी आपल्या जमिनींसाठी घडवून आणलं, मावळे नुसते पुढे केले गेले. चारही आक्षेप सुशिक्षित माणसं शांतपणे आणि प्रामाणिकपणे मांडतात, म्हणून त्यांना तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं पाहिजे.

आधी योजना काय होती ते पाहू. मुळा आणि निळा या नद्या सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगवतात. कोकणचा कडा तिथून हाकेच्या अंतरावर असतो, तरी त्यांचं पाणी पूर्वेला वळतं, मुळा-मुठा होऊन भीमेला मिळतं आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरापर्यंत जातं. टाटांच्या अभियंत्यांनी हा प्रवास उलटवायचं ठरवलं. नद्यांच्या संगमापाशी भिंत घालायची, पाणी डोंगरातून पश्चिमेला न्यायचं आणि सुमारे पाचशे मीटर खाली, कोकणातल्या भिरा इथे मोठाल्या नळांतून सोडायचं. त्या उंचीच्या जोरावर वीज होणार होती आणि ती मुंबईच्या गिरण्यांना जाणार होती. खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं होतं, आंध्र खोऱ्याची योजना पुढे सरकत होती. मुळशीसाठी टाटा पॉवर कंपनी १९१९ मध्ये नोंदली गेली. अभियांत्रिकी म्हणून ही योजना धाडसी आणि सुंदर होती, हे मान्य करायला काहीच हरकत नाही.

मात्र त्या खोऱ्यात माणसं राहत होती. पन्नासहून अधिक गावं आणि सुमारे अकरा हजार लोक या योजनेच्या तावडीत येत होते. सड्यावर नाचणी-वरी आणि खाली नदीकाठी भाताची खाचरं, असा हा मुलूख. या अकरा हजारांपैकी कुणाला विचारून योजना आखली गेली नाही. लोकांना ती कळली ती शेतात चर खणले जाऊ लागले तेव्हा. आपल्या शेतात खणू नका म्हणणाऱ्या एका शेतकऱ्यावर गोऱ्या अभियंत्याने पिस्तूल रोखल्याची नोंद या आंदोलनाच्या इतिहासात आहे.

१६ एप्रिल १९२१ या दिवशी, रामनवमीला, सुमारे बाराशे मावळे बायकामुलांसह कामाच्या जागी येऊन बसले. काम थांबलं. पुढे कंपनीने काही महिने काम बंद ठेवायचं कबूल केलं आणि पावसाळा सरल्यावर ते पुन्हा सुरू केलं. सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला, अटका झाल्या, पुरुषांबरोबर बायकांनीही तुरुंग भोगला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. हा सगळा क्रम १९२४ च्या अखेरपर्यंत चालला.

आता 'कायद्याप्रमाणे पैसे मिळाले' या आक्षेपाकडे वळू, कारण बाकीचे आक्षेप याच्याच आधाराने उभे आहेत. १८९४ चा कायदा उघडून वाचला की हा आधार ढासळतो. त्यातलं कलम ६ म्हणतं की जमीन सार्वजनिक कामासाठी किंवा कंपनीसाठी हवी आहे असं सरकारने एकदा जाहीर केलं, की ती जाहिरातच निर्णायक पुरावा. खरोखर गरज आहे का, हे पुढे कुणी विचारायचं नाही. कलम २३ प्रमाणे बाजारभाव आणि सक्तीबद्दल वर १५ टक्के. आणि मग येतं कलम २४. भरपाई ठरवताना कोर्टाने काय लक्षात घ्यायचं नाही, याची यादी त्यात आहे. मालकाची जमीन सोडायची नाखुशी लक्षात घ्यायची नाही. जमीन घेतल्यावर तिचा जो उपयोग होणार, त्यामुळे तिची जी किंमत वाढेल, तीही धरायची नाही.

ही दोन वाक्यं मुळशीला लावून पाहावीत. पिढ्यान्‌पिढ्या कसलेलं खाचर सोडायला कुणबी तयार नाही, ही गोष्ट कायद्याच्या हिशेबी शून्य. आणि त्या खोऱ्याचं खरं मोल कशात होतं? मुसळधार पाऊस, अरुंद खिंड, आणि पलीकडे कोकणात सरळ उतरणारा कडा. याच कारणाने कंपनी तिथे आली होती. पण नेमकं हेच मोल किमतीत धरायचं नाही, असं कायद्याने आधीच ठरवून ठेवलेलं. शेतकऱ्याला मिळायची ती भाताच्या शेताची किंमत; पाण्याची आणि उंचीची किंमत कंपनीकडे. जमिनीच्या बदल्यात जमीन नाही, गावाच्या बदल्यात गाव नाही. पुनर्वसन या शब्दाची त्या कायद्याला ओळखही नव्हती. अशा कायद्याने दिलेला पैसा मिळाला म्हणून न्याय झाला, असं म्हणणं म्हणजे वजनकाट्याला हात लावणाऱ्याच्याच तोंडून मापाची ग्वाही घेणं आहे.

इथे साम्राज्याच्या समर्थकांचं एक आवडतं विधान आठवतं. इंग्रजांनी काही नाही तरी कायद्याचं राज्य दिलं, असं ते म्हणतात. मग त्याच इंग्रजांच्या घरी काय रीत होती ते तपासावं. मँचेस्टर शहराला पाणी हवं होतं म्हणून त्या नगरपालिकेने इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशातलं थर्लमिअर हे तळं धरण बांधून वाढवायचं ठरवलं. त्यासाठी तिला पार्लमेंटमध्ये स्वतंत्र विधेयक न्यावं लागलं. विरोधकांनी संघटना काढली, पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांची बाजू ऐकली गेली, आणि १८७९ मध्ये कायदा झाल्यावरच काम पुढे गेलं. धरण तिथेही झालंच. पण तिथल्या माणसाला उभं राहून 'नको' म्हणायला एक जागा होती, त्याचं ऐकून उत्तर द्यायला कुणीतरी बांधलेलं होतं. थर्लमिअरचं पाणी मँचेस्टरला पोचलं ते १८९४ मध्ये. त्याच वर्षी हिंदुस्थानात भूसंपादनाचा कायदा झाला. त्यात ती जागा ठेवलेली नव्हती. स्वतःच्या देशात जमीनमालकाचा जो हक्क गृहीत धरला जात होता, तो वसाहतीतल्या रयतेला नाकारला गेला, आणि तोही पूर्ण समजून-उमजून. साम्राज्य म्हणजे काय, हे समजायला याहून मोठं उदाहरण लागत नाही.

'कंपनी हिंदी होती' या आक्षेपाचं उत्तरही इथूनच निघतं. सक्तीच्या संपादनाचं हे हत्यार कुणासाठी घडलं? त्याची सुरुवात १८२४ च्या बंगाल रेग्युलेशनपासून होते. मग रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला ही लंडनच्या भागधारकांची खासगी कंपनी. तिला सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली आणि जमीन फुकट दिली. १८५७ चा कायदा, १८७० चा कायदा आणि १८९४ चा कायदा या एकाच वाटेवरच्या पायऱ्या आहेत. खासगी कंपनीसाठी सरकारने लोकांची जमीन घेऊन द्यायची, हा पायंडा बोरघाटात पडला होता. टाटांनी तो निर्माण केला नाही, फक्त वापरला. सरकारनेही तो आनंदाने वापरू दिला, कारण मुंबईचे गिरणीमालक आणि राज्यपाल यांचं हित या बाबतीत एकच होतं. लोणावळ्याच्या धरणाची पायाभरणी १९११ मध्ये राज्यपाल सिडनहॅम यांनी केली होती, हे विसरता कामा नये.

टाटांच्या उद्योगांबद्दल मराठी माणसाला आदर आहे आणि तो असायलाच हवा. साकचीचं पोलाद, बंगळूरची विज्ञानसंस्था ही कामं परक्या सत्तेच्या काळात उभी राहिली. म्हणूनच तेव्हाच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांची मुळशीबाबत कोंडी झाली होती. स्वदेशीचा पुरस्कार करायचा आणि स्वदेशी कंपनीशी लढायचं, हे जमवायचं कसं? गांधीजींनी एप्रिल १९२१ मध्ये 'यंग इंडिया'त यावर लिहिलं. टाटांच्या घराण्याबद्दल आदर व्यक्त करूनच त्यांनी सुचवलं, की कायदेशीर हक्कावर अडून न बसता कंपनीने लोकांशीच बोलावं आणि त्यांच्या विचाराने काय ते करावं. कंपनी एवढं एक करू शकली असती. कायदा तिच्या बाजूने असल्यामुळे तिला तसं करण्याची गरज पडली नाही. आणि स्वदेशीचंच बोलायचं, तर १९२९ च्या सुमारास या वीज कंपन्यांच्या व्यवस्थापनात एका अमेरिकी कंपनीला भागीदारी दिली गेली. मुळशीच्या लोकांना ज्या राष्ट्रासाठी त्याग करायला सांगितलं होतं, त्या राष्ट्राला या व्यवहारात कुणी विचारलं नाही.

सर्वांत अवघड आक्षेप सावकारांचा. अवघड अशासाठी, की त्यात तथ्य आहे. पेट्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या, त्यांतले बरेचसे ब्राह्मण होते, आणि आंदोलनात फूट पडली ती याच रेषेवर. सावकारांना भरपाई चांगली हवी होती. कसणाऱ्यांना धरणच नको होतं. राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवर केलेल्या अभ्यासात हा भेद स्पष्ट मांडला आहे, आणि तो लपवून मुळशीचं गुणगान करणाऱ्यांनी तो आधी वाचला पाहिजे.

पण आक्षेप घेणारे एक पाऊल अलीकडेच थांबतात. मावळातल्या कुणब्याची जमीन पुण्याच्या सावकाराकडे गेली कशी? मराठेशाहीत मिरासदाराची जमीन अशी सहज हातातून निघत नव्हती. मिरास विकायची तर गोताची साक्ष लागे, गाव सोडून गेलेला मिरासदार वर्षानुवर्षांनी परतला तरी त्याचा हक्क मानला जाई. म्हणजे तेव्हा रामराज्य होतं असं नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूल मक्त्याने दिला जात होता आणि वेठबिगार रयतेच्या मानेवर कायमची होती. इंग्रजी अमलात मात्र जे बदललं ते मुळातलं होतं. रयतवारीने प्रत्येक शेताला धारा ठरवला, तो रोकडीत आणि ठरल्या हप्त्याने भरायला लावला, आणि जमीन विकण्याजोगी, गहाण टाकण्याजोगी, लिलावात काढण्याजोगी केली. पावसाने दगा दिला की कुणब्याला सावकाराचं दार. कर्जखत आणि दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा यांनी पुढचं काम केलं. १८७५ च्या मे महिन्यात याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला, तो याच कारणाने.

म्हणजे सावकार या गोष्टीत साम्राज्याबाहेरून आलेला नव्हता. एका कायद्याने कुणब्याला कूळ केलं आणि दुसऱ्या कायद्याने त्या कुळाचं गाव पाण्याखाली घातलं. मालकी ज्याच्या नावावर, मोठी रक्कम त्याच्या हाती. कसणाऱ्याची मेहनत, बांध-बंदिस्ती, जंगलातून मिळणारा लाकूडफाटा आणि गुरांची चराई यांचा हिशेब कुठल्या वहीत मांडला गेला? सावकार पैसे घेऊन बाजूला झाले, तरी मावळे आणि त्यांच्यासोबतचे मोजके पुण्याचे कार्यकर्ते लढत राहिले. सावकारांनी चिथावलेले लोक सावकार निघून गेल्यावर का थांबले नाहीत, याचं उत्तर या आक्षेपाला देता येत नाही.

त्या मोजक्या कार्यकर्त्यांत विनायकराव भुस्कुटे होते. पुढे या लढ्याची हकीकत त्यांनी पुस्तकात लिहून ठेवली. ती नसती तर आज बरंच काही हाती लागलं नसतं. आणि पांडुरंग महादेव बापट होते, पारनेरचे, जन्म १८८० चा. परदेशात शिकायला गेलेला आणि पॅरिसमध्ये बाँबची विद्या मिळवून परतलेला हा माणूस गावात हातात झाडू घेऊन रस्ते साफ करायचा. 'सेनापती' हे नाव त्यांना मुळशीने दिलं. त्यांच्यावर आरोप होतो तो हिंसेचा. १९२४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी साथीदारांसह कंपनीच्या कामाची रेल्वे अडवली आणि त्यासाठी सात वर्षांची शिक्षा भोगली. यंत्राची मोडतोड चालेल, माणूस मारायचा नाही, असा त्यांचा विचार होता. गांधीजींच्या अनुयायांना तो पटला नाही, आणि त्या मतभेदाला अर्थ होता. पण या कृत्यावरून साऱ्या सत्याग्रहाला हिंसक ठरवणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. १९२१ च्या एप्रिलपासून तीन वर्षांहून अधिक काळ माणसं नि:शस्त्र बसत होती, मार खात होती, तुरुंगात जात होती. बापटांची ही कृती त्या सगळ्याच्या शेवटी येते, आंदोलन जवळजवळ संपलेलं असताना.

मुंबईत दादर-परळच्या बाजूने जाणारा तुळशी पाइप रोड आता सेनापती बापट मार्ग आहे. त्याच्या कडेने कापडगिरण्या उभ्या होत्या. मुळशीची वीज हवी होती ती याच धंद्याला.

उरला हट्टाचा आणि अपयशाचा मुद्दा. धरण झालं, भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं, म्हणून लढा वाया गेला असं म्हणणाऱ्यांनी त्या लढ्याने काय मागितलं होतं हे पाहावं. विजेला विरोध हा त्याचा गाभा नव्हता. प्रश्न असा होता, की एका ठिकाणच्या लोकांचं सारं जगणं काढून दुसऱ्या ठिकाणच्या धंद्याला द्यायचं असेल, तर ते कुणी, कुणाला विचारून ठरवायचं. हा प्रश्न त्यानंतर महाराष्ट्राचा पाठलाग करत राहिला. स्वातंत्र्य आलं, पण १८९४ चा कायदा तसाच राहिला. कोयना त्याच्याच आधाराने झालं. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ मध्ये, मुळशीनंतर अर्ध्या शतकाने. आणि खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती हवी, हे तत्त्व देशाच्या कायद्यात आलं २०१३ मध्ये. तो कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. मावळे रामनवमीच्या दिवशी जे मागायला बसले होते, ते लिहायला या देशाला ब्याण्णव वर्षं लागली. त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी सांगावं, की यात हट्ट कुणाचा होता.

या अपयशाच्या गोष्टीत एक नुकसान मात्र कुणी मोजत नाही, आणि ते आजही चालू आहे. मुळशी तालुक्यातली जमीन गेल्या तीस वर्षांत पुन्हा हलली. पूर्वेला हिंजवडी, डोंगरात लवासा, ताम्हिणीच्या वाटेवर बंगले आणि रिसॉर्टं. विकणाऱ्याच्या हातात आलेला पैसा कसा सरतो आणि मागे काय उरतं, हे सांगणारा 'मुळशी पॅटर्न' हा प्रवीण तरडे यांचा सिनेमा २०१८ मध्ये आला, तो लोकांना लागला, कारण ते घरोघरी घडलेलं होतं. १९२१ मध्ये रोख पैसा हे जमिनीचं उत्तर नाही, असं म्हणणाऱ्यांना अडाणी ठरवलं गेलं. त्यांच्या म्हणण्याचा पुरावा त्यांच्याच तालुक्यात, त्यांच्या पणतवंडांच्या काळात सापडला.

आणि पाणी. ते अजूनही पश्चिमेला जातं. पुणे शहर वाढलं, तसं मुळशीचं पाणी पुण्याला द्यावं ही मागणी वाढली. भीमेच्या खोऱ्यातले दुष्काळी तालुके आपल्या नदीचं पाणी आपल्याकडे वळवा म्हणतात. दोन्ही मागण्यांत वजन आहे. पण या चर्चेत कंपनीचा करार असतो, शहराची गरज असते, खालच्या तालुक्यांची तहान असते. धरणाच्या काठावर वर सरकून राहिलेल्या वाड्यांचं नाव त्यात सहसा येत नाही. पाण्याची नवी वाटणी जेव्हा ठरेल, तेव्हा पहिलं निवेदन ताम्हिणीच्या बाजूच्या त्या वाड्यांकडून मागवलं गेलं पाहिजे, आणि त्यावर लेखी उत्तर दिलं गेलं पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी असा अर्ज घेणारी खिडकीच नव्हती. आता ती कायद्यात आहे.